विहिरीची तिसरी चिठ्ठी

या जगात जे घडतं ते परमेश्वराच्या सार्वभौम इच्छेनेच घडतं. अमडापूरच्या आमच्या ख्रिस्ती वस्तीत याबद्दल कुणालाही शंका नव्हती. ती इच्छा नेमकी कोणती, हे ठरायला मात्र आमच्या पाद्रीसाहेबांना कधीकधी तीन प्रयत्न लागत.

महाराष्ट्र राज्य नवं होतं तेव्हाची ही गोष्ट. वस्ती गावाबाहेर, आणि वस्तीत विहीर नव्हती. गावच्या विहिरीवर आमच्या बायकांचं स्वागत कसं होई, ते लिहायची गरज नाही. शेजारच्या मळ्यातला माळी तेवढा पाणी भरू द्यायचा. एका हिवाळ्यात त्यानेही आईला सांगून टाकलं, "वैनी, मी नाही म्हनत नाही. पन चैत लागला का माह्या वांग्याइलेच पुरत नाही. तवापर्यंत तुमची इहीर होऊ द्या."

नाही झाली तर दूर नदीच्या वाळूत पाण्यासाठी झिरा उकरायचा आणि घागर तिथून डोक्यावर आणायची. आईचे गुडघे तेव्हाच गेलेले होते.

मिशनने विहिरीला मदत मंजूर केली आणि जागेचा प्रश्न निघाला. माळ्याने त्याच्या ओळखीचा पाणाड्या देऊ केला. हातात लिंबाची फांदी धरून रानात डोळे मिटून फिरणाऱ्या माणसावर माझाही विश्वास नाही. पण पाद्रीसाहेबांनी तो सैतानाचा प्रकार ठरवला आणि शास्त्राप्रमाणे चिठ्ठ्या टाकण्याची घोषणा केली. प्रेषितांनीही चिठ्ठ्या टाकूनच बारावा माणूस निवडला होता, हे त्यांनी उपदेशात बराच वेळ समजावून सांगितलं. प्रेषितांनी त्या एकदाच टाकल्या, हे सांगायचं राहून गेलं.

जागा तीन होत्या. एक नाल्याकाठी, जिथे भर उन्हाळ्यात हिरवळ टिकून असे आणि म्हशी आपणहून जाऊन बसत. दुसरी घरांच्या मधोमध. तिसरी पाद्रीसाहेबांच्या बंगल्यामागे, खडकाळ उंचवट्यावर, त्यांच्या न्हाणीघरापासून हाकेच्या अंतरावर.

रविवारी भक्तीनंतर दानाच्या थाळीत चिठ्ठ्या टाकल्या. पहिली निघाली नाल्याची. पाद्रीसाहेबांनी डोळे मिटले आणि प्रार्थना पुरेशी झाली नसल्याचं सांगितलं. आम्ही पुन्हा गुडघे टेकले. दुसऱ्यांदा मधली जागा निघाली. मंडळीत कुणाच्या तरी मनात संशय आहे, असं निदान झालं. संशय माझ्या मनात होता, आणि तो वाढत होता. तिसऱ्यांदा बंगल्यामागची जागा निघाली.

"देव बोलला!" पाद्रीसाहेब म्हणाले, आणि मंडळीच्या पंचांनी उपकारस्तुतीचं गीत सुरू केलं.

आई गाण्यात सामील झाली नाही. दाराशी तिने त्यांना गाठलं.

"पाद्रीसाहेब, पह्यले दोन डाव कोन बोलत होतं?"

"बाई, देव चुकत नाही. आपली तयारी कमी पडते."

"मंग तिसऱ्या डावाले कोनाची तयारी झाली? देवाची का तुमची?"

पाद्रीसाहेबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली. तिचं तोंड बंद करण्याचा याहून सभ्य उपाय त्यांना माहीत नसावा.

वस्तीतल्या पुरुषांनी खोदकाम केलं. मुरूम लागला, मग काळा पाषाण. सुरुंग लावले. दगडाखाली आणखी दगड निघाला. मुरूम लागला तेव्हा देव धीर शिकवत होता, पाषाण लागला तेव्हा विश्वास पारखत होता. पाणी न लागण्याचा अर्थ पाणी नाही असा होऊ शकतो, ही शक्यता कुठल्याच उपदेशात आली नाही.

चैत्र लागला. आई रोज पहाटे प्रार्थना करी. माझ्या माहितीत तिचा देव तिच्याशी एकदाच आणि सरळ बोलत असे. तशीच एक प्रार्थना आटोपून ती मळ्यात गेली.

"भाऊ, वांग्याचं निंदन मी करतो. त्याच्या बदल्यात दोन घागरी भरू द्या."

माळ्याने खुरपं तिच्या हाती दिलं. "भरा म्हना. पन तुमच्या इहिरीचं काय झालं?"

"तिच्यात देव काम करून राह्यला."

विहिरीच्या अर्पणविधीचा दिवस आधीच ठरला होता. मिशनचे मोठे साहेब येणार होते आणि त्यांचा दौरा बदलणं शक्य नव्हतं. तेव्हा विहीर विश्वासाने अर्पण करायची ठरली, म्हणजे पाण्याशिवाय. मांडव घातला, झेंडूची तोरणं लावली. साहेबांनी देवाच्या अचूक योजनेवर भर उन्हात लांबलचक प्रार्थना केली आणि शेवटी घसा कोरडा पडल्यामुळे पाणी मागितलं. पंचांची धावपळ झाली. बंगल्यातला माठ रिकामा होता. आमच्या घरून पेला आला.

साहेबांनी तो एका दमात संपवला, विहिरीकडे पाहिलं आणि पाणी फार गोड असल्याचं सर्वांसमोर सांगितलं. पाद्रीसाहेबांनी "आमेन" म्हटलं. आई तोवर मळ्यात गेली होती. वांग्यांचा एक वाफा निंदायचा राहिला होता.