गेटवरची झडती

माझ्या मैत्रिणीच्या वडिलांइतका संशयी माणूस अख्ख्या दक्षिण गोलार्धात नसेल. उत्तर गोलार्धाचं मला ठाऊक नाही, पण तिथे कोणी असलाच तर त्याच्याविषयीही त्यांना दाट संशय असणार. त्यांना सगळेच अंकल म्हणतात. इथल्या मूळच्या, म्हणजे गोरे येण्याआधीपासूनच्या, लोकांत मानाच्या वडीलधाऱ्याला तसं म्हणायची रीत आहे. ते स्वतःला ब्लॅकफेला, म्हणजे काळा माणूस, म्हणवतात, आणि ते अशा सुरात की ऐकणाऱ्याने पाठ सरळ करून बसावं. मी राहते त्या पेंडल हिलपासून गाडीने वीस मिनिटांवर, एका बंद पडलेल्या क्लबच्या मागे, त्यांनी आणि त्यांच्या माणसांनी शेत केलंय. दर गुरुवारी तिथून आसपासच्या काळ्या कुटुंबांकडे भाजीचे खोके जातात. काय पेरायचं, कुणाला द्यायचं, हे त्यांचे तेच ठरवतात. माझ्यासारख्या बाहेरच्यांनी शनिवारी यावं, राबावं, आणि सल्ला गाडीतच ठेवावा, असा नियम.

संशय कशाकशाचा म्हणून सांगू? कौन्सिलचा, म्हणजे इथल्या नगरपालिकेचा, एक माणूस फुकट रोपांचा ट्रे घेऊन आला, तर अंकलनी तो ट्रे तीन आठवडे संडासामागे एकटा ठेवला आणि रोज जाऊन त्याच्याकडे रोखून पाहिलं. एका मापाचे टोमॅटो त्यांना कटात सामील वाटतात. हवामानाच्या ॲपवर त्यांचा काडीचा विश्वास नाही, पण कुंपणावर बसणारा मॅगपाय पक्षी इथल्या बातम्या बाहेर पोचवतो यावर मात्र आहे. युनिव्हर्सिटीतली एक मुलगी वही घेऊन आली आणि "ही जमीन म्हणजे तुमच्यासाठी काय आहे?" असं विचारू लागली. अंकलनी तिच्या हातात फावडं दिलं आणि म्हणाले, "तिलाच विचार." बिचारी दुपारपर्यंत विचारत होती. मला तर ते दोन वर्षं 'मिस कौन्सिल' म्हणायचे, कारण पहिल्या दिवशी मी इस्त्रीचा शर्ट घालून गेले होते.

आणि निघताना झडती. गेटवर खुर्ची टाकून बसायचे आणि प्रत्येकाची पिशवी उघडून बघायचे. कुणी बी नेलं तर, कंद नेला तर? माझा डबासुद्धा सुटायचा नाही. एकदा त्यातली उरलेली भाकरी उलटसुलट करून पाहिली आणि अर्धी खाऊन टाकली. म्हणे, खात्री करून घेतोय. मला भयंकर राग यायचा. वसईला आमची वाडी होती, केळी, वांगी, पानवेली. मी मातीत वाढलेली बाई, आणि हे मला चोर समजतात? शेवटी एकदा बोललेच, "अंकल, मी काय चोर आहे?" ते शांतपणे म्हणाले, "माझी आई मिशनवर वाढली, आमच्या लोकांना गोरे ठेवायचे त्या वस्तीत. पीठ, साखर, चहा सगळं मॅनेजरच्या हातात. कुणी उलट बोललं की त्या आठवड्याचं पीठ बंद. तो मॅनेजर फार हसतमुख होता, मेट. पिशवी दाखव."

मी दाखवली.

त्यांचा सगळा जीव एका वाफ्यात होता. यॅम डेझी नावाचं रोप असतं. त्याच्या गोड कंदांवर पूर्वी इथली माणसं जगायची. अंकलच्या मावशीने कुठल्याशा रुळांच्या कडेला तग धरून राहिलेल्या झाडांचं बी त्यांना दिलं होतं. सहा वर्षं खपून त्याची तेवीस रोपं झाली होती. यंदा फुलं आली, बी धरलं, की दहा घरांना वाटायचं, हे त्यांनी आम्हाला दहादा सांगितलं होतं. तो वाफा कुठला, हे मात्र कुणालाच सांगितलं नव्हतं. न जाणो, कुणी उपटून नेलं तर?

ते उपटलं मी. एका शनिवारी अंकल यायच्या आधीच पोचले. म्हटलं, वसईचा हात काय असतो ते यांना दाखवूच. कोपऱ्यातल्या एका वाफ्यात निव्वळ तण माजलेलं दिसलं. आमच्या बाबांना असा वाफा दिसला असता तर दिवसभर बोलले असते. मी तासाभरात तो असा लख्ख केला की बघत राहावं, आणि सगळं खताच्या ढिगावर टाकून आले. अंकल आले, वाफ्यापाशी थांबले, आणि एका उलट्या क्रेटवर बसले. कुणाकडे संशयाने पाहिलं नाही की काही नाही.

"तण होतं ना ते?" मी विचारलं.

"तुझ्याआधी गोऱ्यांच्या मेंढ्यांनी मुळासकट खाऊन हेच केलं होतं," ते म्हणाले. "त्या सॉरीसुद्धा म्हणाल्या नाहीत."

मी सॉरी म्हणाले. मग आम्ही दोघं गुडघ्यांवर बसून उन्हं उतरेपर्यंत तो ढीग बोटांनी चाळत राहिलो. बोटभर लांब, पांढरे कंद. एकोणीस सापडले. ते पुन्हा लावताना अंकल पुटपुटले, "सांगायला हवं होतं मी." आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना स्वतःचा संशय आला असावा. जाताना गेटवर माझी पिशवी मात्र दोनदा तपासली. चार कमी होते ना.

एकोणिसातली सतरा जगली. पिवळी फुलं आली, बीही धरलं. त्याच उन्हाळ्यात अंकलचे गुडघे गेले आणि ते बहिणीकडे दूर गावी राहायला निघाले. शेवटच्या शनिवारी मी सवयीने गेटवर पिशवी उघडून धरली. त्यांनी हात घातला, बराच वेळ आत ठेवला आणि म्हणाले, "ठीक आहे. जा." घरी येऊन बघते तर डब्याखाली वर्तमानपत्राची पुडी, आणि तिच्यात बी.

ते मी मागच्या अंगणात कुंडीत पेरलं. वसईहून आई आलीय तीन महिन्यांसाठी. रिकामं बसवत नाही तिला, आणि हात तर माझ्याहून तरबेज. काल संध्याकाळी शिफ्टवरून आले, तर ती कुंड्यांपाशी वाकलेली.

"आई, त्या कुंडीला हात नाही ना लावलास?"

"मी काय चोर आहे?" आई फणकारली.

मला एकदम अंकलची आठवण आली. मग म्हटलं, "नाही गं. पण हात दाखव."