मनोरमाबाईंच्या हातची

निर्मळ गावात कौतुक फुकट मिळतं, पण फेडावं लागतं. मनोरमाबाईंना हे जरा उशिरा कळलं.

सासूने जाताना त्यांना दोन गोष्टी दिल्या होत्या, सोन्याच्या पाटल्या आणि सुकेळी करायची रीत. पाटल्या विहिरीवर पंप बसवताना गेल्या. रीत राहिली. पिकलेली राजेळी केळी सोलायची, बांबूच्या मांडवावर उन्हात मांडायची, कावळे-खारी हाकत दिवसभर उलटायची आणि दव पडायच्या आत घरात घ्यायची. असं आठवडाभर केलं की केळी लालसर, मधाळ होतात, मग ती केळीच्याच सुक्या पानांत बांधायची. ही विद्या घरातल्या सुनेलाच द्यायची, पोटच्या मुलीलाही नाही, असा सासूचा दंडक होता. मनोरमाबाईंना मूलबाळ झालं नाही, त्यामुळे विद्या त्यांच्यापाशी येऊन अडली.

बाईंच्या केळीच्या वाडीत कामाला बारकी होती. विरारच्या पूर्वेला डोंगराच्या कुशीत करवंदपाडा आहे, तिथली ही वारली बाई. हंगामात वाडीतच खोपटं करून राहायची. तिची नात पिंकी पाड्यावरच्या शाळेत जायची. शाळा म्हणजे एक आंब्याचं झाड आणि एक मास्तर. पाऊस आला की शाळा बंद, कारण झाडाला छप्पर नसतं. सुट्टीला आजीकडे आली की पिंकी पाटीवर काढलेलं अक्षर बाईंना दाखवायला यायची आणि पावसाळा सरला की तेच अक्षर विसरून यायची. बाईंना याचं फार वाईट वाटायचं.

एकदा त्या सहज बोलून गेल्या, की माझी सुकेळी विकून पोरांना चार भिंती होत असतील तर मी वाटेल तेवढी करीन. हे त्या हरिभाऊंसमोर बोलल्या, ही त्यांची पहिली चूक. हरिभाऊ म्हणजे गावाचे हौशी पुढारी, कोणाच्याही तोंडचा शब्द खाली पडू देत नसत. त्यांनी लगेच देवळाच्या सभामंडपात बैठक बोलावली, बाईंना पुढे बसवलं आणि माल खूप लागेल, तेव्हा पाड्यावरच्या बायका सोलायला, उलटायला घ्याव्यात असं सुचवलं. दुसरी चूक बाईंनी तिथे केली. साऱ्या गावादेखत त्या म्हणाल्या, "माझ्या सुकेळ्यांना दुसरा हात लागलेला चालत नाही."

त्या वेळी बारकी मंडपाच्या पायरीशी बसली होती.

हरिभाऊ तर खूशच झाले. त्यांनी लेबलं छापून आणली, 'शाळेसाठी. फक्त मनोरमाबाईंच्या हातची.' आगाशीपासून वसईपर्यंत माल गेला, दादरहून मागणी आली. सोवळ्यातली, घरंदाज हातची म्हणून लोक चार पैसे जास्त मोजत. पहिल्या हिवाळ्यात पाया झाला, दुसऱ्यात भिंती. गावात जो भेटेल तो हात जोडून म्हणायचा, बाई, तुम्ही आहात म्हणून. आणि बाई हसून मान हलवायच्या. दुसरं करणार काय?

दिवाळी सरली की त्यांचा तुरुंगवास सुरू व्हायचा. अंगण सोडायची सोय नव्हती. ढग आला की धाव, कावळा आला की धाव. लग्नकार्यं चुकली, निर्मळची जत्रा दारावरून गेली तरी पाहता आली नाही. केळीच्या चिकाने बोटं काळी पडली, ती धुऊन निघेनात. यजमान प्रल्हादराव म्हणायचे, अगं, एक दिवस राहू दे. पण त्यांना स्वतःलाही त्या मांडवाला हात लावायची परवानगी नव्हती, मग त्यांच्या बोलण्याला किंमत ती काय. बाईंना कधी कधी त्या बांबूंचा इतका संताप यायचा, की उचलून चुलीत घालावेत असं वाटायचं. मग पिंकी पाटी घेऊन यायची.

तिसऱ्या हिवाळ्यात केळव्याहून निरोप आला. बाईंची आई अंथरुणाला खिळली होती आणि मनूला बघायचंय म्हणत होती. केळवं काही काशी-रामेश्वर नव्हे, सकाळी निघालं तर दुपारच्या जेवणाला पोचावं. पण मांडवावर सर्वांत मोठी खेप पडली होती. ती विकली की पत्रे येणार होते, आणि पत्रे पावसाआधी चढले नाहीत तर उघड्या मातीच्या भिंती वाहून जाणार होत्या. बाईंनी कळवलं, ही सुकेळी उतरली की येते. ती उतरायच्या आत दुसरी केळी पिकली. पुन्हा निरोप आला आणि पुन्हा तेच उत्तर गेलं. तिसऱ्या निरोपात आईने बोलावलंच नव्हतं. मनू कामात असेल, तिला त्रास देऊ नका, एवढंच सांगितलं होतं.

त्या दुपारी बाई मांडवाशेजारी मटकन बसल्या आणि रडल्या. बारकी पलीकडे केळीचे कोंब काढत होती. तिला त्यांनी जवळ बोलावलं आणि विचारलं, मी जाते, तू हे बघशील का?

बारकी मांडवाच्या अलीकडेच थांबली. "बाय, तुमीच बोलल्यात, दुसरा हात नाय चालत. लोकांना कलला तं कोन घेल? शालेचे पत्रे रातील."

हे तिने रागाने म्हटलं नाही, म्हणूनच बाईंना ते जास्त लागलं. स्वतःच्याच बोलण्याचं कुंपण त्यांनी स्वतःभोवती घातलं होतं आणि त्याच्या पलीकडे ज्यांच्यासाठी शाळा चालली होती तीच बाई उभी होती. जावं तर शाळा जाते, राहावं तर आई जाते. डोळे पुसून त्या म्हणाल्या, "कोणाला कळणार नाही. हात धू आणि ये."

केळव्याला आई अजून होती, माणसं ओळखत होती. तिने लेकीची काळी बोटं हातात घेतली आणि तिकडे कोण बघतंय म्हणून विचारलं. बाईंनी खरं ते सांगितलं. म्हातारी हसली. "म्हणजे शेवटी सून मिळाली म्हण की तुला," ती म्हणाली.

आई गेली तेव्हा बाई उशाशी होत्या. एवढं एक सुख त्यांना मिळालं. इकडे प्रल्हादरावांनी गावात सांगितलं, की सगळा माल ती आधीच करून ठेवून गेली आहे. बाई परतल्या तेव्हा खेप बांधून तयार होती. त्यांनी एक सुकेळं तोंडात टाकलं. चवीत तसूभर फरक नव्हता. याचं बरं वाटावं की वाईट, हे त्यांना ठरवता येईना.

खेप हातोहात गेली, पत्रे चढले. पाड्यावर उद्‌घाटनाला निम्मं निर्मळ लोटलं. हरिभाऊंनी भाषणात त्या शेवटच्या खेपेची विशेष तारीफ केली. अशी सुकेळी बाईंच्या हातूनसुद्धा पूर्वी झाली नव्हती म्हणे. मग बाईंना दोन शब्द बोलायला उभं केलं. सांगून टाकायचं, असं बाई घरूनच ठरवून आल्या होत्या. समोर जमिनीवर पाड्याच्या बायका बसल्या होत्या. बारकी सगळ्यांच्या मागे होती, दोन्ही हात पदराखाली घेऊन. बाईंनी तोंड उघडलं, तशी तिने हळूच मान हलवली. नाही.

"मला बोलता येत नाही," एवढंच म्हणून बाई खाली बसल्या. त्यांच्या विनयावर टाळ्या पडल्या. हरिभाऊंनी त्याच टाळ्यांत जाहीर केलं, की पुढच्या वर्षी दुसरी खोली, बाई आहेतच.

मग पोरांना त्याच खेपेतल्या, राखून ठेवलेल्या सुकेळ्यांच्या पुड्या वाटल्या. पिंकीला आता वाचता येत होतं. ती पुडी घेऊन आजीकडे पळाली, आणि बाई जवळच होत्या, त्यांना सगळं ऐकू आलं. पिंकीने लेबलावर बोट ठेवून एकेक अक्षर लावलं. "फक्त. म-नो-र-मा-बाईंच्या. हातची." मग ती थांबली. "पन आजी, ही तं तू सोललीस. मी बघलाय."

बारकीने पदराखालचा हात काढला. बोटं काळी झाली होती. तिने पुडी सोडली आणि एक सुकेळं नातीच्या तोंडात घातलं.

"लिवलाय तेवराच वाच," ती म्हणाली.