बीडचं भूत

बीड जिल्ह्यातल्या वडवणीत आमच्या शेजारी इतिहासाचे निवृत्त सर राहतात. पेपरात सन चुकला, तर ते अर्धा मार्कसुद्धा देत नसत. तेच सर आता दुपारी दार लोटून एक भुताचा सिनेमा पुन्हा पुन्हा बघतात. त्यात निजामाची फौज बीडवर चालून येते आणि बारवेतली भुतं तिला पळवून लावतात.

परवा मी विरजण मागायला गेलो आणि सर सापडले.

"सर, हे कधी घडलं?"

"कवाच न्हाई. निव्वळ थापा हायत," ते ओशाळून म्हणाले, पण खुर्ची माझ्याकडं सरकवली.

पडद्यावर भुतांचा म्होरक्या बारवेतून वर आला आणि सरदाराला म्हणाला, "तू इथे कशासाठी आलास?"

सरांनी तोंड वाकडं केलं. "फौज खोटी चालंल, सन खोटा चालंल. पण बीडचं भूत असं बोलंल का?"

त्यांनी सिनेमा मागं घेतला, आवाज बंद केला, लुंगी सावरून ते उभे राहिले आणि भुताचे ओठ हलताच गरजले, "कामून आलास रं हिकडं?"

फौज उलटी पळत सुटली.

सर छाती काढून माझ्याकडं वळले. "बगितलं? आता कसे भ्याले!"