हातपंप

सासऱ्यांचा उजवा खांदा धरला तेव्हापासून इंजिनाला पाणी पाजायचं काम माझ्याकडे आलं.

इंजिन म्हणजे त्यांनी स्वतः बनवलेलं, वाफेवर चालणारं छोटं इंजिन. गुडघ्याइतकं उंच, पण आत खरा कोळसा जळायचा आणि खरी वाफ व्हायची. बनशंकरीच्या आमच्या घराच्या गच्चीवर या कठड्यापासून त्या कठड्यापर्यंत त्याचे रूळ होते. इंजिनाच्या मागच्या डब्यात पाणी, आणि पाण्यात एक छोटा पितळी पंप. त्याचा दांडा पुढं-मागं केला की पाणी बॉयलरमध्ये जायचं. चाकांबरोबर आपोआप चालणारा पंप बसवायचं त्यांच्या मनात होतं, तेवढ्यात खांदा गेला.

सासूबाई जाऊन वर्ष होत आलं होतं. नवरा कंपनीच्या कामासाठी परदेशात होता. घरात मी आणि अण्णा, म्हणजे सासरे. मी पुण्याची, लग्न होऊन या कानडी शहरात आलेली. आठवडाभर शहराच्या दुसऱ्या टोकाला बेळ्ळंदूरच्या ऑफिसात जाऊन-येऊन अंगातलं सगळं त्राण त्या रिंग रोडवरच सांडायचं. रविवारी सकाळी मला फक्त पडून राहायचं असे. पण आठाच्या सुमाराला जिन्यातून हाक यायची, "अगं, कोळसा पेटलाय."

मग मी वर जायची. पाटावर बसून दांडा पुढं, दांडा मागं. डोळा बॉयलरवरच्या काचेच्या नळीवर, कारण आत पाणी किती आहे ते तिच्यातच दिसायचं. पाणी अर्ध्याखाली गेलं की अण्णा म्हणायचे, "हापस आता." तासाभरात मनगट भरून यायचं. इंजिन पुढं जायचं, कठड्याशी थांबायचं, मागं यायचं. शेजारच्या अक्का वाळत घातलेले कपडे आत नेताना आमच्याकडे बघायच्या.

पाण्याचाही व्याप होता. आमच्याकडच्या बोअरच्या पाण्यानं बादल्यांवरसुद्धा पांढरे थर चढतात. ते बॉयलरला चालत नाही. म्हणून माझ्या खोलीतल्या एसीचं ठिबकणारं पाणी खालच्या कॅनमध्ये साठवायचं आणि मी उठायच्या आत अण्णा तो कॅन गच्चीवर चढवायचे.

त्या रविवारीही कॅन आधीच वर होता. मला बरं वाटलं. वाफ चढली, दोन-चार फेऱ्या झाल्या, आणि पंपाचा दांडा एकदम हलका झाला. एरवी हाताला पाण्याचा रेटा लागायचा, तो लागेना.

"अण्णा, पाणी जात नाहीये."

"जोरानं हापस."

मी जोरानं हापसलं. डब्यात नुसते बुडबुडे. नळीतलं पाणी खाली, आणखी खाली, आणि मग दिसेनासंच झालं. अण्णा वाकले, चष्मा वर करून बघितलं.

"बॉयलरमध्ये वरून गार पाणी ओतू का?" मी विचारलं.

"नको. तापल्या बॉयलरवर गार पाणी पडलं तर फुटेल तो. आग काढ."

भट्टीखाली एक खीळ होती. ती लोखंडी आकड्यानं ओढली की कोळशाची जाळी खाली पडते. अण्णांनी डावा हात पुढं केला, पण आकडा त्यांच्या हातात ठरेना. मी घेतला. खीळ अडकली होती. दुसऱ्या झटक्याला सुटली आणि लालभडक निखारे खालच्या पत्र्यावर पसरले. माझ्या ओढणीच्या टोकाला भोक पडलं. हळूहळू वाफ उतरली आणि गच्चीवर शांत झालं.

आम्ही दोघं टाकीच्या सावलीत बसलो. इंजिन गार होईपर्यंत काही करता येण्यासारखं नव्हतं. मग त्यांनी सांगितलं तसा मी पंप उघडला. पाणी मागं फिरू नये म्हणून आत एक छोटी गोळी बसते. तिच्याखाली पांढऱ्या क्षाराची ढलपी अडकली होती, नखाएवढं.

अण्णा ती बोटावर घेऊन बघत राहिले. "बोअरचंच पाणी हे," ते म्हणाले. "भरलेला कॅन मला वर आणवेना झालाय. चार-पाच आठवडे झाले. रिकामा आणतो आणि इथल्या नळाचं भरतो."

"मला सांगायचं ना."

"तू किती दमतेस ते दिसतं मला." मग म्हणाले, "तुला कंटाळा आलाय का गं याचा?"

खोटं बोलायचंही त्राण नव्हतं. "हो," मी म्हटलं. "पण तुम्हाला तेवढाच विरंगुळा, म्हणून येते."

"मला? मला पहाटे उठून ते कोळसे फोडायला नको होतं. तुझी सासू गेल्यावर तू रविवारीसुद्धा दार लावून पडून राहायचीस. म्हटलं, पोरीला वर उन्हात आणावं."

मला हसू आलं नाही आणि रडूही आलं नाही. इतके रविवार आम्ही एकमेकांसाठी वाया घालवले होते, की घालवले नव्हते, ते तेव्हा ठरवता येईना.

"सरी, बरं तर," अण्णा म्हणाले. "आता झोपू या."

आम्ही खरोखरच खाली येऊन झोपलो. दुपारी उठून उपमा केला, चहा घेतला, आणि संध्याकाळी बॉयलर रिकामा करून इंजिन हॉलमध्ये आणून ठेवलं. ते उचलायला शेजारच्या अक्कांचे यजमान आले होते.

त्यानंतर एकदाच पेटवलं, नवरा सुट्टीवर आला होता तेव्हा. पंप त्यानं हापसला. मी आणि अण्णा खुर्च्या टाकून बसलो होतो. अण्णांना बसल्याबसल्या डुलकी लागली.