ब्रिटन आहे ना, मग चालेल

नाशिकच्या आमच्या कॉलेजात एम.ए.च्या शेवटच्या वर्षाला समकालीन ब्रिटनच्या इतिहासाचा एक पेपर असायचा. विभागात तो कोणालाच नको होता, म्हणून माझ्याकडे आला आणि माझ्याकडेच राहिला. वर्गातली मुलं इगतपुरीहून रेल्वेने यायची, पिंपळगाव बसवंतहून एसटीने, सातपूर-सिडकोतून दुचाकीवर. महायुद्धानंतरचा ब्रिटन, तिथल्या निवडणुका, संप, बंद पडलेल्या खाणी आणि कारखाने हे सगळं मी त्यांना झेरॉक्सच्या आधाराने शिकवायचे. ती उतरवून घ्यायची आणि परीक्षेत तसंच परत लिहायची.

त्या वर्षी सातपूरच्या कामगार वसाहतीतली एक मुलगी वर्गात होती. सकाळी शिकवण्या घेऊन यायची, त्यामुळे कायम थोडी उशिरा, आणि दाराजवळच्या बाकावर बसायची. एकदा तिने हात वर केला. "मॅडम, पुस्तकात सारखं येतं, 'सरकारने निर्णय घेतला.' सरकार म्हणजे त्या खोलीत नक्की कोण बसलं होतं?"

मी काहीतरी उत्तर दिलं. मंत्रिमंडळ, सचिव, सल्लागार. ती "हो मॅडम" म्हणाली, पण तिचं समाधान झालं नव्हतं आणि माझंही झालं नव्हतं. एका परिषदेत मी ऐकलं होतं की लंडनच्या एका विद्यापीठात निवृत्त मंत्र्यांना, त्यांच्या सचिवांना थेट वर्गात आणून बसवतात. मुलं विचारतात आणि ज्यांनी ते राज्य चालवलं तेच उत्तरं देतात. ऐकताना मला हेवा वाटला होता. आपल्याकडे असं कोण येणार, म्हणून विषय सोडून दिला होता.

मग खांद्याच्या दुखण्यासाठी मी गंगापूर रोडवर फिजिओथेरपीला जायला लागले, आणि तिथल्या बाकावर एक गृहस्थ भेटले. पंचाहत्तरीच्या पुढचे, उंच, गुडघ्याच्या ऑपरेशननंतर काठी घेऊन चालणारे. जन्म नाशिकचा, पण तरुणपणी लंडनला गेले ते तिकडचेच झाले. सरकारी नोकरीत कारकून म्हणून लागले आणि वर चढत एका मंत्र्याच्या खासगी कार्यालयात पोचले. पत्रांची उत्तरं, भेटीगाठी, बैठकांची टिपणं, सगळं त्यांच्या हातून जायचं. मंत्री बदलत गेले, हे राहिले. बायको वारल्यावर परत आले. मुलगी तिकडेच. इथे एका फ्लॅटमध्ये एकटे राहत होते. त्यांचं मराठी ते गेले त्या काळातच थांबलेलं होतं. "नाशकास आता फार गर्दी झाली, बाई," असं म्हणायचे. शिक्षिकेला बाई म्हणणारा माणूस मला कित्येक वर्षांनी भेटला होता.

मी त्यांना वर्गात येण्याचं विचारलं. ते आधी हसले. मग पुढच्या खेपेला स्वतःच म्हणाले, "पोरांना त्यात रस वाटेल?"

प्राचार्यांची परवानगी काढायला गेले तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, "ब्रिटनबद्दलच बोलणार ना? मग चालेल. इथलं कोणी आणू नका."

पहिले काही तास फार चांगले गेले. त्या गृहस्थांनी मुलांना मंत्र्याची सकाळ सांगितली. गाडीत कागद कसे वाचले जातात, बैठकीत भांडण झालं तरी टिपणात 'सविस्तर चर्चा झाली' एवढंच कसं येतं, कुठला प्रश्न कोणाच्या टेबलावर आठवडाभर मुद्दाम पडू देतात. सरकारी भाषा कशी वाचायची हे त्यांनी शिकवलं. "'प्रस्ताव विचाराधीन आहे' असं आलं की समजायचं, एक तर कोणी वाचलेलाच नाही, नाहीतर ठरून गेलेलं आहे," असं ते म्हणाले तेव्हा वर्ग खळखळून हसला. ती मुलगी हसली नाही. तिने ते लिहून घेतलं.

मुलं आता वेळेवर यायला लागली. दुसऱ्या विभागातलीही दोघं-तिघं मागे येऊन बसायची. ते इस्त्रीचा शर्ट आणि स्वेटर घालून यायचे, ऑक्टोबरच्या उकाड्यातही. तास संपल्यावर मुलांबरोबर कॅन्टीनमध्ये चहा घ्यायचे. त्यांचा चेहरा बदलत चालला होता. रिक्षात बसताना एकदा म्हणाले, "निवृत्त झाल्यापासून मला कोणी काही विचारलंच नव्हतं."

एके दिवशी विषय होता उत्तर इंग्लंडमधल्या उद्योगांची पडझड. कारखान्याचं नाव सांगणार नाही, असं म्हणून त्यांनी एक हकिगत सुरू केली. एका गावाचं सगळं जगणं एका कारखान्यावर होतं. तो बंद करायचं ठरलं, कागदावर सही झाली. पण शेजारच्या मतदारसंघात पोटनिवडणूक होती, म्हणून ती होईपर्यंत जाहीर करायचं नाही असंही ठरलं. मधल्या काळात कामगारांचं शिष्टमंडळ मंत्र्याला भेटायला आलं. बरोबर काहींच्या बायकाही होत्या. एकीने घरी केलेला केक डब्यातून आणला होता.

"मंत्र्यांनी त्यांचं सगळं नीट ऐकून घेतलं," ते म्हणाले. "आणि सांगितलं, सर्व पर्यायांचा विचार चालू आहे. ते वाक्य मीच तयार करून दिलं होतं. खोटं नव्हतं आणि खरंही नव्हतं. मंडळी खूश होऊन परत गेली. राजकारणात वेळ कशी साधतात, याचं हे चांगलं उदाहरण."

त्यांनी ते शिकवण्याच्या ओघात सांगितलं होतं. पुढच्या मुद्द्याकडे वळणार, तोच दाराजवळच्या बाकावरून आवाज आला.

"सर, ते आले तेव्हा तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"तुम्ही त्यांच्याशी बोललात?"

"मीच त्यांना बसवलं. चहा सांगितला."

"मग तुम्ही त्यांना सांगितलं का नाही?"

"ते माझं काम नव्हतं, बाळ. आणि सांगितलं असतं तर माझी नोकरी गेली असती. कायद्याने बंदी होती."

ती उभी राहिली. आवाज अजिबात चढलेला नव्हता. "माझे पप्पा सातपूरला एका कंपनीत लेथवर टर्नर होते. कंपनीला कुलूप लागलं तेव्हा आमच्याकडचे एक नेते गेटवर आले होते. म्हणाले, वर बोलणं चालू आहे, दोन महिन्यांत चालू होईल. पप्पांना दुसऱ्या वर्कशॉपमधून बोलावणं आलं होतं. ते गेले नाहीत. म्हणाले, गेलो तर इथला हक्क जाईल. नंतर कळलं की जागा तेव्हाच विकली गेली होती. त्या नेत्यांना माहीत होतं."

"आता वडील काय करतात?" त्यांनी विचारलं.

"गेले."

कसे, ते तिने सांगितलं नाही. वर्गातल्या दोघींना माहीत असावं, कारण त्यांनी माना खाली घातल्या. मला नंतर कळलं. रोज सकाळी डबा घेऊन तिचे वडील बंद गेटसमोर जाऊन बसत. वर्ष गेलं, दुसरं गेलं. मग पिणं सुरू झालं, मग कावीळ, आणि सिव्हिल हॉस्पिटलच्या वॉर्डात संपलं. तेव्हा ती बारावीत होती.

त्या तासाला पुढे काही झालं नाही. मी त्यांना रिक्षाने घरी सोडलं. घराशी उतरताना म्हणाले, "मी तिला काय सांगायला हवं होतं, बाई?"

पुढच्या आठवड्यात ते आले नाहीत. फोन केला तर म्हणाले, ताप आहे. त्यानंतरच्या आठवड्यात त्यांचाच फोन आला. त्यांना त्या मुलीच्या घरी जायचं होतं. मी म्हटलं, कशाला? त्याने काय होणार? म्हणाले, "केक घेऊन आलेले ते लोक कुठे असतील, जिवंत आहेत की नाहीत, मला ठाऊक नाही. तिथे आता मला जाता येणार नाही. इथे येईल."

मी मुलीला विचारलं. तिने आईला विचारलं. आई म्हणाली, येऊ द्या.

दोन खोल्यांचं घर, जिन्यात ठेवलेल्या सायकली, भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर आणि तिच्या खाली वडिलांचा हार घातलेला फोटो. आई एका शाळेत खिचडी शिजवायच्या कामाला होत्या, नुकत्याच परतल्या होत्या. त्यांनी खुर्ची पुढे केली आणि स्वतः खाली बसल्या. मुलगी ओट्यापाशी चहा करत राहिली. तिने आमच्याकडे पाठ केली होती.

ते बोलायला लागले आणि त्यांचं ते जुनं, नीटनेटकं मराठी अडखळायला लागलं. आपण काय काम करत होतो, ती माणसं कशी आली होती, आपण काय केलं, सगळं त्यांनी पुन्हा सांगितलं. आई ऐकत होत्या.

"म्हणजे तिकडं पण असंच हाय," त्या म्हणाल्या.

"हो."

"बंद होणार असं सांगितलं असतं ना साहेब, तर यांनी दुसरं काम धरलं असतं. हात चांगला होता त्यांचा. चार दिवस रडले असते, मग गेले असते कामाला." त्यांनी पदराने गुडघ्यावरचं काहीतरी झटकलं. "कंपनी बंद झाली म्हणून नाय गेले ते. चालू होईल म्हणून गेले."

त्यांनी काठी बाजूला ठेवली. मग त्यांनी हात जोडले. "मला माफी मागायची होती."

"तुम्ही कशाला मागता? तुम्ही आमचं काही केलं नाय." त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, दिलासा देण्याचा सूरही नव्हता. "तुम्ही ज्यांचं केलं ते लोक लांब हायेत. आणि आमचं ज्यांनी केलं ते इथंच राहतात, तीन गल्ल्या सोडून. ते काही आले नाय."

चहा झाला. ते जिना उतरताना मध्येच थांबले. मला वाटलं गुडघा दुखतोय. ते कठड्याला धरून रडत होते. खाली खेळणारी पोरं थांबून बघायला लागली. मी त्यांना हात दिला आणि आम्ही उतरलो.

विभागाच्या चर्चासत्रात त्या मुलीने निबंध वाचला. विषय होता उत्तर इंग्लंडमधला तो कारखाना आणि सातपूरची कंपनी: बंद होण्याआधी कामगारांना काय सांगितलं गेलं. तिने वसाहतीतल्या बायकांना भेटून त्यांचं बोलणं लिहून आणलं होतं. तिने कोणाचंही नाव घेतलं नाही. घ्यायची गरजही नव्हती. ते नेते आता आमच्या संस्थेच्या संचालक मंडळावर होते आणि सभागृहात पुढच्या रांगेत बसलेल्यांना ते पुरतं ठाऊक होतं.

दोन दिवसांनी प्राचार्यांनी बोलावलं. "मी सांगितलं होतं ना, इथलं कोणी आणू नका."

"मी इथलं कोणीच आणलं नाही, सर," मी म्हणाले. "ती आपल्याच वर्गात होती."

प्राचार्य माणूस म्हणून वाईट नव्हते. खिडकीतून बाहेर बघत म्हणाले, "मॅडम, मला दीड वर्ष राहिलंय रिटायर व्हायला." बाहेरच्या व्यक्तींची व्याख्यानं पुढील सूचनेपर्यंत स्थगित झाली. ती मुलगी त्याच विषयावर एम.ए.चा प्रबंध लिहिणार होती; समितीने विषय बदलून दिला. पेशवेकालीन नाशिकमधली घाटबांधणी. तिने तो मुकाट्याने लिहिला आणि पहिल्या वर्गात पास झाली. नेट-सेट दे, मी मदत करते, असं मी तिला म्हणाले. ती म्हणाली, "बघू मॅडम," आणि आडगावजवळच्या एका ट्रान्सपोर्ट कंपनीच्या ऑफिसात कामाला लागली.

तास बंद झाल्याचं मी त्या गृहस्थांना घरी जाऊन सांगितलं. त्यांना आश्चर्य वाटलं नाही. "स्थगित लिहिलंय का? मग संपलं," एवढंच म्हणाले. त्यानंतर ते फिजिओथेरपीलाही येईनासे झाले. पावसाळ्यात न्यूमोनियाने गेले. त्यांची मुलगी लंडनहून पोचेपर्यंत त्यांना बर्फात ठेवावं लागलं. अमरधाम स्मशानभूमीत आम्ही मोजकी माणसं होतो: सोसायटीचे सेक्रेटरी, त्यांचा स्वयंपाक करणारी बाई, मी. माझी ती विद्यार्थिनी अर्ध्या दिवसाची सुट्टी टाकून आली होती. त्यांची मुलगी इंग्रजीत विचारत होती की वडिलांची आणि हिची ओळख कशी. "आय वॉज हिज स्टुडंट," ती म्हणाली.

परत जाताना ती विद्यार्थिनी आणि मी बसस्टॉपवर उभ्या होतो. पाऊस थांबला होता, गोदावरीचं पाणी गढूळ आणि चढलेलं होतं. मी तिला म्हणाले की कधीकधी मला वाटतं, त्यांना वर्गात आणायलाच नको होतं. तुझंही बरं झालं असतं आणि त्यांचंही.

ती बस यायच्या दिशेला पाहत होती.

"तसं नाही, मॅडम," ती म्हणाली. "मला आधी वाटायचं की आत बसणारे लोक वेगळेच असतील. राक्षसासारखे. मग त्यांच्यावर राग धरणं सोपं असतं. सर तर चांगले होते. त्या लोकांना त्यांनी चहा दिला, नीट बसवलं. मनापासूनच दिला असणार." तिने ओढणीने चेहरा पुसला. "आता आमच्या गल्लीतून त्या नेत्यांची गाडी जाते, ते काच खाली करून आईला नमस्कार करतात, तेव्हा मला कळत नाही काय करायचं."

सातपूरची बस आली आणि ती गर्दीत चढली.