जमनीबाईला न पटलेली शलाका

जमनीबाईला शलाका काही केल्या पटत नव्हती.

शलाका म्हणजे कोणी शेजारीण नव्हे. रोज संध्याकाळी साडेसातला टीव्हीवर लागणाऱ्या मालिकेतली ती मुख्य बाई. दिग्रसपासून सात-आठ किलोमीटरवरच्या त्या बंजारा तांड्यात शलाकाला न ओळखणारं माणूस सापडलं नसतं. साडेसात वाजले की हातातली कामं टाकून बायका जमनीबाईच्या घरात जमायच्या, कारण तिच्या पोरानं, संजयनं, पिकअप गाडीच्या भाड्यातून भिंतभर टीव्ही आणलेला. शलाका रडायला लागली की सगळ्या पदर डोळ्याला लावून बसायच्या. एकट्या जमनीबाईचे डोळे कोरडे ठणठणीत.

मालिकेत झालं होतं असं. शलाकाच्या सासूचा हार चोरीला गेला. चोरला थोरल्या जावेनं, आणि शलाकानं तिला चोरताना डोळ्यांनी पाहिलं. पण ही बाई सगळ्यांपुढं म्हणते काय, तर हार मीच घेतला! का, तर जावेचं नाव आलं तर घर फुटेल. झालं. सासूनं तिला मागच्या खोलीत काढली, नवरा बोलेनासा झाला, आणि तीन महिने झाले, ही आपली देव्हाऱ्यापुढं मुकाट आसवं गाळून राह्यली.

"अवो, पन सांगत काहून नाई?" जमनीबाई रोज विचारायची.

"मावशी, चूप बसा ना!" शेजारची पुष्पा नाक ओढत म्हणायची.

"ती त्याग करून राह्यली, आई," सून वर्षा हळूच समजवायची. "घरासाठी."

"घरानं मांगितला का तिले त्याग? कोनाले इचारलं तिनं?"

तेवढ्यात साबणाची जाहिरात लागायची आणि बायका चहाचं बघायच्या.

आता कोणी म्हणेल, म्हातारी दगडाच्या काळजाची. छे हो! रडण्यात जमनीबाईचा हात धरणारी बाई आसपासच्या पाच तांड्यांत नव्हती. बंजाऱ्यांत पोरीचं लग्न ठरलं की तिला ढावलो शिकावा लागतो. ढावलो म्हणजे सुरात रडणं, पण नुसतं रडणं नव्हे. नवरी एकेकाच्या गळ्यात पडते आणि रडता रडता सगळं बोलून टाकते. बापानं काय दिलं, भावानं काय दिलं नाही, काकीनं कधी टोचून बोललं, सगळं. बाया बाया बऱ्याच दिवसांनी भेटल्या तरी अशाच गळ्यात पडतात, आणि सुखदुःख त्या रडण्यातच सांगतात. एकीनं आपलं म्हणणं संपवायचं, मग दुसरीनं सूर उचलायचा. मधे बोलायचं नाही. आणि रडण्यात म्हटलेल्या गोष्टीवरून नंतर भांडायचं तर मुळीच नाही. तोंडं धुवायची, चहा प्यायचा, विषय संपला. हे रडणं जमनीबाईनं कितीतरी पोरींना शिकवलं होतं. तिच्या हिशेबी जे रडणं काही सांगत नाही ते रडणंच नव्हे, डोळ्याला पाणी येणं. ते तर कांदा चिरतानाही येतं.

तर मग न पटणारी मालिका म्हातारी रोज बघायची कशाला? उठून अंगणात बसायला काय झालं होतं?

कारण होतं. कारण होती वर्षा.

दोन वर्षांपूर्वी उमरखेडकडच्या एका तांड्यातून वर्षा सून म्हणून आली. नर्सिंगचा कोर्स केलेली, कमी बोलणारी, कामाला वाघीण. तिला ढावलो येत नव्हता. लग्नात आईच्या गळ्यात पडली तीही बिनाशब्दाची, कारण रडली तर मेकअप जाईल असं ब्युटीपार्लरवालीनं बजावलेलं. जमनीबाईला तेव्हा वाईट वाटलं, पण पोरगी गुणाची निघाली. लखीराम, म्हणजे जमनीबाईचा नवरा, गेल्यावर म्हातारीची साखर एकदम वाढली आणि डॉक्टरनं दोन्ही वेळची सुई लावून दिली. त्या दिवसापासून सकाळ-संध्याकाळ वर्षाच सुई टोचायची. एक दिवस चुकली नाही की कधी दुखलं नाही.

आणि अशी ही पोरगी महिन्याभरापासून गप्प गप्प झाली. भाकर अर्धी टाकून उठायची. हाक मारली तर दचकायची. एकदा तर जमनीबाईनं तिला न्हाणीत पाहिलं, नळ सोडून, तोंडावर ओढणी दाबून रडताना.

"काय झालं वो, बाई?"

"काही नाही, आई. डोळ्यात साबण गेला."

साबण बादलीच्या त्या बाजूला, वाळलेला! जमनीबाई काय आंधळी होती? पण जिला सांगायचंच नाही तिच्या पोटात शिरणार कसं? संजयला विचारलं तर तो म्हणे, "मले तर काही बोलली नाही. सरकारी नोकरीच्या परीक्षेत नंबर नाही लागला म्हनून वाईट वाटत असन." म्हातारीच्या मनात मात्र एकच भीती घर करून बसली. हे घर पोरीला नकोसं झालं. आज ना उद्या ही बॅग भरून माहेरी जाईल, आणि का गेली ते शेवटपर्यंत कळणार नाही. दोष आपलाच असणार, पण तो कोणता, हे कोण सांगेल?

म्हणून जमनीबाई टीव्हीपुढं बसायची. वर्षाला ती शलाका फार आवडते ना? मग शलाकाच्या डोक्यात काय चालतं ते उमगलं तर सुनेच्या डोक्यातलं उमगेल, असा तिचा सरळ विचार. शाळकरी पोर पाढे पाठ करतं तशी ती रोज अर्धा तास शलाकाचं तोंड न्याहाळायची. काहीएक हाती लागत नव्हतं. ही बाई झोपतेसुद्धा दागिने घालून, इथपर्यंत समजलं. त्यापुढं सगळा अंधार.

गुरुवारी दुपारी वर्षाची आई, लालीबाई, अचानक तांड्यावर आली. फोन नाही, निरोप नाही. उमरखेडहून पुसद, पुसदहून दिग्रस, तिथून ऑटो, असा प्रवास करून धुळीनं भरलेली बाई दारात उभी. तिला बघून वर्षाचा चेहरा असा पडला की जमनीबाईनं ओळखलंच. न्यायला आली! आपण ज्याला भीत होतो ते आलंच दारात.

दोघी विहिणी रीतीप्रमाणे एकमेकींच्या गळ्यात पडल्या. लालीबाईनं सूर लावला. ती बंजाऱ्यांच्या गोरबोलीत जे म्हणाली ते मराठीत असं होतं.

"माझ्या बाई गं, तुझ्या घरी सावली आहे, माझी लेक सुखात आहे... माझ्या बाई गं, लेकीचा परीक्षेत नंबर लागला, महिना झाला, कागद माझ्या घरी आला... सरकारी दवाखान्यात नर्सची नोकरी लागली गं... सोमवारी हजर झाली नाही तर दुसऱ्याला देतील, माझ्या बाई..."

"याडी! याडी, चूप!" वर्षा आईवर ओरडली. पण रडण्याच्या मधे बोलता येत नाही, हे लालीबाईला पक्कं ठाऊक होतं. तिनं विहिणीला आणखी घट्ट धरलं.

"लेक म्हणते, मी जात नाही... म्हणते, नोकरी उमरखेडकडं, मी तिकडं गेली तर सासूला सुई कोण देणार, सासू मरून जाईल गं... नवऱ्याला खोटं सांगितलं, नंबर लागला नाही म्हणून... मला शपथ घातली गं, की कोणाशी बोलायचं नाही... मी बोलली नाही, माझ्या बाई, मी रडून राह्यली, मला शपथ लागणार नाही..."

बघा आता! शपथ बोलण्याची होती, रडण्याची नव्हती. एवढी पळवाट काढायला बाई तीन गाड्या बदलून आली होती.

खरंच सांगायचं तर जमनीबाईला आधी हसूच फुटत होतं. नकोशी झाली नव्हती ती सुनेला! पोरगी पळून जाणार नव्हती, उलट जायला पाहिजे तिथं जात नव्हती. आणि हसू मावळायच्या आत तिला असा राग चढला की विचारू नका. सूर उचलायची पाळी तिची होती. तिनं तो असा उचलला की दोन घरं पलीकडून पुष्पा धावत आली.

"माझ्या बाई गं, मी काय मागितलं होतं... कोणी विचारलं मला, म्हातारे, तुझ्यासाठी नोकरी सोडू का... माझ्या नावावर एवढं ओझं टाकलं गं, मला न विचारता... उद्या पोरीच्या जिंदगीचं वाटोळं झालं असतं आणि कारण म्हणून माझं नाव निघालं असतं, मला पत्ताही नसता गं..."

मग दोघींनी तोंडं धुतली, चहा प्यायल्या आणि पावसापाण्याचं बोलल्या. वर्षा चुलीपाशी खाली मान घालून बसली होती. तिला कोणी एक शब्द म्हटला नाही. रीत म्हणजे रीत.

पण जमनीबाई काय तेवढ्यावर सोडणारी बाई होती? संध्याकाळी सुईची वेळ झाली. वर्षानं औषधाची बाटली आणि सिरिंज आणली. जमनीबाईनं हात पुढं केला.

"दे इकडं."

"आई, तुमच्यानं नाही होणार."

"काहून? दहा वर्षांची होती तवापासून चोळी-कांचळीवर भरतकाम केलं म्या. आरशे टाकले, कवड्या टाकल्या, कापड फाटू न देता. आता स्वोताच्या पोटाले टोचता येत नाई?"

"आणि चुकलं तर? जास्त औषध गेलं तर काय होते माहीत आहे का तुम्हाला?"

"मंग सांग ना! नर्स हायस ना तू? त्याच्यासाठीच तर शिकली."

तेवढ्यात साडेसात झाले आणि बायका मालिकेसाठी आल्या. टीव्ही बंद. म्हातारी पोटावरचा पदर बाजूला करून बसलेली, हातात सिरिंज, आणि सुनेचा रंग उडालेला. बायका दाराशीच खिळल्या. शलाकाचं नावसुद्धा कोणी काढलं नाही.

"आधी हवा काढा," वर्षा म्हणाली. "अठराच्या रेघेवर आणा. नाही, वर गेली. खाली घ्या थोडी. आता चिमटीत कातडं धरा."

जमनीबाईनं कातडं धरलं. खरी गोष्ट अशी की ती घाबरली होती. कापडाला सुई टोचणं निराळं, स्वतःला टोचणं निराळं. एकदा हात नेला आणि मागं घेतला. पुष्पानं डोळे झाकून घेतले. मग म्हातारीनं दात आवळले, टोचली, आणि दट्ट्या सावकाश शेवटपर्यंत दाबला.

"झालं?"

"दहा मोजा, मग काढा."

म्हातारीनं दहा मोजले, मोठ्यानं, आणि सुई काढली. रक्ताचा टिपूससुद्धा नाही. लालीबाईनं "माय माय!" करून कपाळाला हात लावला आणि बायका हसायला लागल्या. वर्षा हसली नाही. ती तशीच उभी राहिली, आणि मग एकदम खाली बसून सासूच्या गळ्यात पडली.

सूर तिला येतच नव्हता. कुठंही वर जायचा, कुठंही तुटायचा. अर्धं गोरबोलीत, अर्धं मराठीत. पण शब्द होते.

"आई, मले जायचं हाय... मले लई जायचं हाय, आई... तीन वर्षं अभ्यास केला म्या, रात्रंदिवस... पहिल्या यादीत नाव आलं माझं, कोनालेच सांगता नाही आलं... आन मले तुमचा राग येत होता, आई! रोज सुई टोचताना राग येत होता. वाटे, हिच्यापायी अडकली मी... आन मंग सोताचीच लाज वाटे..."

दारातल्या बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. सासूच्या तोंडावर असं म्हणायचं? लालीबाईनं पदर तोंडाला लावला.

जमनीबाईनं मात्र महिन्याभरात पहिल्यांदा मोकळा श्वास घेतला. कोडं नाही, अंदाज नाही, पोरीच्या तोंडून आलेलं सरळ, खरं बोलणं. तिनं सुनेला आणखी जवळ ओढलं आणि रीतीप्रमाणे मधे न बोलता थांबली. वर्षाचा हुंदका संपला, तेव्हाच तिनं तोंड उघडलं.

"हां. आनखी?"

"आनखी काय?"

"आनखी राग असन ना. काढ समदा. सोमवारपर्यंत येळ हाय आपल्यापाशी."

"आधी जेवा," वर्षा नाक पुसत म्हणाली. "सुईनंतर अर्ध्या तासात जेवावं लागते. मी रोज वेळेवर वाढून देत होती म्हनून तुम्हाला माहीत नाही. हेही लक्षात ठेवा आता."