दगडाचं वाक्य

"कोनी पायला?" हा तिचा पहिला प्रश्न. बातमी कुठलीही असो, आधी हनुवटी किंचित वर आणि मग हा प्रश्न. एकदा आई म्हणाली, तळमजल्यावरच्यांनी रंगीत टीव्ही घेतला. ही लगेच, "तुमी पायलाव?"

"अगं, सगळी सोसायटी सांगतेय."

"सगळी म्हंजे कोन, काकी?"

आई हसत आत निघून गेली. अशी एखादी व्यक्ती तुम्हालाही भेटली असेल. तिच्यासमोर आपण नकळत शब्द जपून वापरू लागतो.

ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. आम्ही नुकतेच वाशीच्या फ्लॅटमध्ये राहायला आलो होतो. ती बोनकोड्याच्या पलीकडच्या एका लहानशा गावातली, शेतकऱ्याची मुलगी. कॉलेजात आम्ही एका बाकावर बसायचो. पुण्याला पत्रकारितेच्या अभ्यासक्रमाची प्रवेश परीक्षा होती, ती दोघींनी द्यायचं ठरवलं. संध्याकाळी आमच्या गॅलरीत बसून एकेका घटनेची बातमी लिहायची आणि एकमेकींची तपासायची, असा आमचा अभ्यास. माझी विशेषणं ती शांतपणे खोडायची. "'हृदयद्रावक' कशाला? काय झाला ते सांग. ज्याला रडायचाय तो रडेल."

अर्जासोबत स्वतःचा छापून आलेला एक मजकूर जोडायचा होता. त्याच सुमारास तिच्या गावात, नव्या शहरासाठी घ्यायच्या जमिनीच्या मोजणीला सरकारी माणसं आली. गावकरी बांधावर बसून राहिले. पोलिसांच्या लाठ्या चालल्या. दुसऱ्या दिवशी पेपरात आलं, जमावाने तुफान दगडफेक केल्यामुळे लाठीमार करावा लागला. गाव म्हणत होतं, एकही दगड कोणी उचलला नाही.

ती तिथेच होती. तिने पाहिलं तसं लिहिलं. एका तरुणाने एक दगड मारला. एका म्हाताऱ्याने त्याचा हात धरला. आणि लाठ्या पडल्या त्याच म्हाताऱ्याच्या डोक्यावर आणि खाली बसलेल्या बायकांवर.

तरुण तिचा चुलतभाऊ होता. म्हातारा तिचा बाप.

ती काय लिहितेय ते कानावर गेलं तसा भाऊ आमच्या जिन्यात येऊन उभा राहिला. त्याने आवाज चढवला नाही. "बाय, तो दगडाचा काढ. नाव नाय लिवलास, पन गाव मला वलखतो."

"काढला तर लाठीचा बी कोन खरा मानील, दादा?"

"बापाचा डोका फुटला, आनी तुला बातमी सुचते?"

तो गेल्यावर ती पायरीवर बसून, ओढणीत तोंड घालून खूप रडली. मग उठून आत आली आणि मजकूर चांगल्या अक्षरात उतरवून काढला. दगडाचं वाक्य होतं तिथेच राहिलं.

ठाण्याच्या एका साप्ताहिकाने तो छापला. गावाने तिच्या घराशी बोलणं टाकलं. ती नळावर गेली की बायका कळशा उचलून बाजूला व्हायच्या. भावाने तर तिच्याकडे बघणंही सोडलं. वडील मात्र डोक्याच्या पट्टीला हात लावत एवढंच म्हणाले, "झाला तसा लिवलास. आता परीक्षेला जा."

ती पास झाली. मी नाही. वाईट वाटलं, आश्चर्य वाटलं नाही.

पुण्याला निघाली तेव्हा वडील अजून घराबाहेर पडत नव्हते. हायवेवर एसटीची वाट बघत आम्ही दोघीच उभ्या होतो. इतक्यात तिचा भाऊ सायकलवरून आला. एसटी थांबताच कोणाशी न बोलता त्याने तिची ट्रंक उचलली, शिडीवरून टपावर नेली आणि दोरीने घट्ट बांधली. खाली उतरून हात झटकत राहिला.

"दादा," ती म्हणाली.

"जेवत जा येळेवर," तो जमिनीकडे बघत म्हणाला.

बस गेली. बऱ्याच वेळाने त्याने मला विचारलं, "परत कवा येल?"

"दिवाळीला," मी म्हटलं.

तो मान हलवून चालायला लागला. थोडं पुढे गेल्यावर सायकल राहिल्याचं लक्षात आलं, तेव्हा मागे येऊन ती घेऊन गेला.

त्या दिवाळीला ती आली नाही. त्यानंतरही राहायला म्हणून कधी आली नाही.